चाकातून आवाज येतोय? गॅरेजला जायच्या आधी हे बघा

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीचे ब्रेक सकाळी खरखरले तर टेन्शन नको, डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती) हलका गंज धरतो तो चार-पाच वेळा ब्रेक मारले की जातो. पण ब्रेक दाबल्यावर रोजच चीं चीं होत असेल तर ब्रेक पॅड (डिस्कवर दाबले जाणारे, झिजणारे तुकडे) बघा, अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारली की बऱ्याचदा दिसतात, ३ मिमीच्या खाली आले असतील तर बदलूनच टाका. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी चालवूच नका, डिस्क पण जाईल आणि खर्च वाढेल.

ब्रेक न दाबता घूं घूं येतंय, स्पीडबरोबर वाढतंय? मग बहुतेक चाकाचं बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग) गेलंय. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० ला हळूच डावीकडे वळवा, आवाज वाढला तर उजवं चाक, कारण वजन तिकडे जातं (उलट वाटतं, पण तसंच आहे). मात्र टायर उंचसखल झिजले असतील तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी टायरवरून हात फिरवा.

फुल स्टिअरिंग वळवल्यावर कट कट? बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाकडचा सांधा), त्याचं रबरी कव्हर म्हणजे बूट फाटून ग्रीस उडालंय का बघा.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक किरकिर सुरू झाली तर डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो, थोडं रिव्हर्स घेतलं की कधीकधी पडतो.