दोन लाख किलोमीटर चाललेली जिप्सी घेताना

जुनी मारुती जिप्सी घेताना मीटरवरच्या आकड्यापेक्षा चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) अधिक महत्त्व द्यावे, कारण १,२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन पुन्हा बांधता येते, पण कोकणच्या खाऱ्या हवेत आतून कुजलेली चासी मात्र नीट सावरत नाही. म्हणून गाडी धुण्यापूर्वीच खाली शिरून, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर छोट्या हातोडीने हलके ठोकावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला आणि गंजाचे पापुद्रे हातात आले, तर सौदा तिथेच सोडावा.

त्यानंतर चाकांना दगड किंवा ठोकळ्यांची अडण लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून प्रोपेलर शाफ्ट (धुऱ्याला ताकद पोचवणारा दांडा) हाताने मागेपुढे पिळून पाहावा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) खडखड जाणवल्यास तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

फोर-व्हील ड्राइव्हची चाचणी मोकळ्या मातीतच घ्यावी. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये मधला डिफरन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना ट्रान्सफर केसवर (दोन्ही धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) विनाकारण ताण येतो. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर) गाडी पूर्ण थांबवूनच टाकावी.

कागदपत्रांत १५ वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण झाले आहे का, हे अवश्य पाहावे.

गाडी घरी आल्यावर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या धुऱ्यांतले दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल बदलावे. जुने ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि सील तपासावेत. चारही टायर एकाच मापाचे, जवळपास सारखेच झिजलेले असावेत. महिन्यातून एकदा तरी फोर-व्हील मातीत चालवावी, म्हणजे लिव्हर जाम होत नाही.