रोगाची साथ येण्याआधी फाइल तयार ठेवा : ढाबा, खानावळ आणि घरगुती धंद्याला सरकारी मदत कशी मिळवावी

माझं तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीक विमा, हे रोजचंच. २०२० च्या जूनमध्ये कोरोनाची टाळेबंदी जरा सैल झाली आणि दुकानासमोर वेगळीच माणसं येऊन उभी राहिली. भरीत-पुरीची गाडी लावणारे, हायवेवर शेवभाजीचा ढाबा चालवणारे, लग्नात पंगतीचा स्वयंपाक करणारे आचारी, घरी बिबडे-पापड करून विकणाऱ्या बाया. त्या साली आखाजी (अक्षय्य तृतीया) टाळेबंदीतच गेली, लेकी माहेरी आल्या नाहीत, लग्नं चार माणसांत उरकली. या सगळ्यांचा हंगाम हातचा गेला होता. प्रश्न एकच : "सरकारनं काहीतरी जाहीर केलंय म्हणे, ते आपल्याला कसं मिळेल?"

त्यातल्या एका ढाबेवाल्या दादांनी वीस वर्षांत कुणाचं एक रुपयाचं कर्ज ठेवलं नव्हतं. सगळा व्यवहार रोखीचा, गल्ल्यातला. शेजारच्या ढाब्यावर बँकेचं पाच लाखांचं कर्ज होतं, त्याला आणखी एक लाख स्वस्तात मिळाले. दादा म्हणाले, "माले काहीच भेटनं नही, भो." मला हे अन्यायाचंच वाटलं आणि आजही वाटतं. पण योजनेचा नियमच तसा होता, आणि नियम आधी ठाऊक असता तर दादांची फाइल वेगळी दिसली असती.

त्या काळच्या बऱ्याच योजना आता बंद झाल्या. पुढची साथ आली तर नावं नवी असतील, कागद मात्र जवळपास हेच मागतील.

पायरी १ : आपलं दार कोणतं ते ओळखा

सगळ्यांना एकच अर्ज असतो, ही पहिली चुकीची समजूत. कोरोनाच्या वेळी निदान तीन दारं वेगळी होती.

गाडी, ठेला, पाटी घेऊन विकणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी. १ जून २०२० ला सुरू झाली. पहिलं कर्ज १०,००० रुपये, वेळेवर फेडलं की २०,०००, मग ५०,०००. व्याजात ७ टक्के सवलत, डिजिटल व्यवहाराला थोडा कॅशबॅक. २०२५ मध्ये योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आणि पहिलं कर्ज १५,००० व दुसरं २५,००० केलं. म्हणजे हे दार अजून उघडं आहे.

आधीच कर्ज असलेल्या हॉटेल, ढाबा, लॉज, मंगल कार्यालयांसाठी ईसीएलजीएस, म्हणजे सरकारच्या हमीवर मिळणारं जादा कर्ज. मे २०२० मध्ये जाहीर झालं तेव्हा २९ फेब्रुवारी २०२० रोजी जी बाकी होती तिच्या २० टक्के मिळायचं, तारण मागायचं नाही, बँकेचं व्याज ९.२५ टक्क्यांच्या वर नाही. मार्च २०२१ मध्ये हॉटेल, प्रवास, पर्यटन यांच्यासाठी मर्यादा ४० टक्के केली. या ४० टक्क्यांच्या कर्जाची मुदत सहा वर्षं, त्यात पहिली दोन वर्षं मुद्दल भरायचं नाही. शेवटी ही योजना ३१ मार्च २०२३ ला संपली.

आता हिशोब मांडून बघा. बाकी पाच लाख असेल तर २० टक्क्यांनी एक लाख, ४० टक्क्यांनी दोन लाख. बाकी शून्य असेल तर शून्याचे ४० टक्के. दादांचं नेमकं इथं अडलं. हौसेनं कर्ज काढा असं मी सांगणार नाही, पण बँकेत चालू खातं आणि त्यावर एक छोटी कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तेव्हा उचलायच्या कर्जाची सोय, असलेली बरी. वापरली नाही तर व्याज लागत नाही, आणि बँकेच्या वहीत आपलं नाव राहतं.

तिसरं दार घरगुती धंद्याचं. ते थोडं सविस्तर खाली सांगतो.

पायरी २ : सहा कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत

आधार आणि पॅन बहुतेकांकडं असतं. खरी गोष्ट पुढची : आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. २०२० मध्ये माझ्याकडचे निम्मे फॉर्म इथंच अडकले. ओटीपी जायचा तो कधीच बंद पडलेल्या सिमवर, आणि आधार केंद्रं तर टाळेबंदीत बंद.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी ती आली. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असलेल्या सरकारी संकेतस्थळावरच करा. तशीच दिसणारी, हजार-दोन हजार घेणारी खासगी पानं पुष्कळ आहेत. (माझ्यासारखे दुकानदार टायपिंगचे पन्नास-शंभर घेतात ते वेगळं.) नोंदणीत धंद्याचा कोड नीट टाका. जेवणखाण पुरवण्याचा गट ५६, लॉज-मुक्कामाचा ५५, पापड-बिबड्यांसारखं खाद्यपदार्थ बनवण्याचा १०. एका खानावळवाल्या अक्कांची नोंद कुणीतरी किराणा विक्रीत करून ठेवली होती. हॉटेल क्षेत्राची सवलत आली तेव्हा बँकेचा अधिकारी म्हणाला, "तुमचं तर किराणा दुकान दिसतंय." कोड बदलून घेण्यात तीन आठवडे गेले. पॅन किंवा जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी २०२३ पासून उद्यम असिस्ट आहे, ती नोंदणी बँकेमार्फत होते.

खाण्याचं काही विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याचा, नोंदणी क्रमांक. त्या काळी वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. या दोन्हींच्या प्रिंट काढून पिशवीत टाका.

राहिलं आयकर विवरण. कर लागत नसला तरी भरा. "उत्पन्नच नाही तर भरू कशाला?" असं सगळे विचारतात. बँकेला तुमचा चांगला काळ दिसावा म्हणून. साथीच्या वर्षाचा गल्ला कुणीच बघत नाही, आधीच्या दोन वर्षांचा बघतात.

पायरी ३ : गाडीवाल्यांनी पालिकेच्या यादीत नाव घालावं

स्वनिधीसाठी नगरपालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागतं. सर्वेक्षणात नाव सुटलं असेल तर पालिकेकडून शिफारसपत्र घेता येतं. हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. दुसरी तशीच गोष्ट : विक्रेता शहराचाच रहिवासी असला पाहिजे असं नाही. बामणोद गावची बाई भरताची वांगी घेऊन पालिकेच्या हद्दीत बसत असेल तरी ती बसते या योजनेत. गावातल्या आठवडी बाजारात बसणाऱ्याला मात्र हे दार नाही.

यादीत नाव असण्याचा आणखी एक फायदा एप्रिल २०२१ मध्ये दिसला. 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लावताना राज्य सरकारनं ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपये होते. 'नोंदणीकृत' हा शब्द सोडून बाकी सगळं लोकांनी ऐकलं.

पायरी ४ : छंदाचा धंदा असेल तर आधी त्याला धंदा म्हणा

आपल्याकडं पापड, बिबडे, कुरडया हे उन्हाळी काम. घरचं झालं की शेजारणीचं, मग सुरतला उधन्यात राहणाऱ्या भावजयीच्या चाळीतलं. कुणी केक करतं, कुणी मेहंदी काढतं, कुणी ब्लाउजवर आरी वर्क. पैसे येतात, पण बाई म्हणते, "हौस म्हणून करते." हौसेला कुठलीच योजना लागू होत नाही.

एक साधी वही घाला. तारीख, कुणाला काय दिलं, किती किलो, किती पैसे, इतकंच. पैसे घेण्यासाठी स्वतःच्या नावाचं वेगळं खातं आणि क्यूआर कोड. नवऱ्याच्या खात्यात आलेले पैसे नवऱ्याचे दिसतात. सहा महिन्यांची अशी वही आणि खातेउतारा असेल तर शिशु मुद्रा कर्जाची, म्हणजे ५०,००० रुपयांपर्यंतची, फाइल बँकेत वजनदार वाटते. साथीच्या वेळी शिशु कर्जं वेळेवर फेडणाऱ्यांना वर्षभर व्याजात २ टक्के सवलतही मिळाली होती.

खाद्यपदार्थ करणाऱ्या बायांसाठी २०२० च्या जूनमध्येच पीएमएफएमई ही छोट्या खाद्यउद्योगांची केंद्राची योजना आली. शेवया-पापडाचं यंत्र, पिठाची गिरणी, पॅकिंग मशीन यांच्या कर्जावर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. बचत गटातल्या सदस्याला ४०,००० रुपये बीज भांडवल. या योजनेत जळगावचं उत्पादन म्हणून केळी ठरली, त्यामुळं केळीचे वेफर्स करणारे गट लवकर पुढं आले. अर्ज कृषी विभागामार्फत जातो, जिल्हा उद्योग केंद्रातून नाही. या एका गोष्टीवरून लोकांचे हेलपाटे झालेले मी पाहिलेत.

पार्लर चालवणाऱ्या आणि समारंभांचं आयोजन करणाऱ्यांसाठी जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हॉटेलांच्या बरोबरीनं १५,००० कोटींची सोय केली होती. पण ती बँकांना मिळणारी रक्कम होती, त्यातून कर्ज कुणाला द्यायचं हे बँकच ठरवणार. घरच्या ओट्यावर पार्लर चालवणारी पोरगी त्यात कशी दिसणार? उद्यम क्रमांक असता तर निदान विचारता आलं असतं.

पायरी ५ : 'हप्ता थांबवला'चा अर्थ समजून घ्या

मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते थांबवायची मुभा होती. लोकांना वाटलं माफ झाले. दोन लाख बाकी, ११ टक्के व्याज, सहा महिने : साधारण ११,००० रुपये व्याज वर चढलं. सरकारनं नंतर दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर 'व्याजावरचं व्याज' परत दिलं, मूळ व्याज नाही. गल्ल्यात पैसा असेल तर हप्ता थांबवू नका. नसेल तर जरूर थांबवा, पण बँकेला कळवून. न कळवता थकलेला हप्ता पुढच्या मदतीच्या आड येतो. ईसीएलजीएसमध्ये ठरलेल्या तारखेला साठ दिवसांपेक्षा जास्त थकबाकी असलेला बादच होत होता.

पायरी ६ : कर्ज नाही, तर काम मागा

शिवभोजन थाळी हे याचं उत्तम उदाहरण. टाळेबंदीत ग्राहकासाठी दर दहावरून पाच रुपये केला, २०२१ मध्ये काही काळ थाळी फुकटही दिली. केंद्र चालवणाऱ्याला शहरात थाळीमागे ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेले, उरलेली रक्कम सरकार भरायचं. ज्या खानावळी, ज्या बचत गटांनी हे केंद्र घेतलं त्यांची चूल विझली नाही. बिलं उशिरा निघायची ही तक्रार खरी आहे, किराणावाल्याची उधारी सांभाळायची तयारी हवी. पण कर्जापेक्षा मला हीच मदत सरस वाटते. चौकशी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करायची.

पायरी ७ : 'नाही' म्हटलं तर लेखी घ्या

"वरून आदेश नाही" हे उत्तर तोंडी असतं, म्हणून त्याच्यापुढं काही चालत नाही. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. नकाराचं कारण लेखी मागा. मग जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, व्यवस्थापकाला भेटा. जिल्हाधिकारी कार्यालयात कुणीही पत्ता सांगतं. बँकेनं तीस दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि मंजुरीसाठी आधी टक्केवारी मागणारा माणूस भेटला तर चहाही न पिता उठा.

ते ढाबेवाले दादा आता दरवर्षी आखाजीला येतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल तेव्हा बदलतं, तर म्हणतात आपली पिशवीही तेव्हाच बघून घेऊ. एफएसएसएआयची मुदत, मोबाइल नंबर, खात्याचा उतारा. मागच्या खेपेला चालू खात्याचं पासबुक काढून मला दाखवलं आणि म्हणाले, "हाई देख, पंधरा एन्ट्र्या."