कार्बोरेटरचं मिक्श्चर घरच्या घरी कसं सेट करायचं

एप्रिल 2020 मध्ये बीएस6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, लागू झाले आणि नवीन बाईकमध्ये जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं, त्यांना यातलं काही लागू नाही. पण दारात जुनी स्प्लेंडर, पॅशन, आधीची पल्सर, आरएक्स 100 किंवा जुनी बुलेट उभी असेल तर हे काम शिकूनच घ्या, एक छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा-पाऊण तास एवढंच लागतं.

सगळ्यात आधी एक सांगतो, अ‍ॅव्हरेज वाढवायला म्हणून मिक्श्चरचा स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, कधीच फिरवायचा नाही आणि गॅरेजमध्येही फिरवून घ्यायचा नाही. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसती चालू असताना आणि रेस साधारण पाव उघडेपर्यंतच याचा खरा परिणाम असतो, त्यापुढे सगळा कारभार कार्बोरेटरमधली सुई आणि मेन जेटकडे (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नोझल), म्हणजे हायवेला 60 च्या स्पीडने चालवताना हा स्क्रू जवळपास काहीच करत नाही. पेट्रोल कमी करून काय मिळतं तर सकाळी दहा किका, सिग्नलवरून उचलताना झटके, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके आणि तापलेलं इंजिन.

आता काम. पहिले एअर फिल्टर बघा. फिल्टर चोंदलेला असताना सेटिंग केलं तर ते त्या चोंदलेल्या फिल्टरच्या हिशोबाने होतं, मग पुढच्या महिन्यात फिल्टर बदलला की परत पहिल्यापासून. प्लग साफ, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बरोबर, चोक पूर्ण बंद, रेसच्या केबलला थोडा ढिलेपणा, हे सगळं बघूनच कार्बोरेटरला हात लावायचा.

कार्बोरेटरवर दोन स्क्रू दिसतील. मोठा, स्प्रिंगवाला, जो फिरवला की स्लो कमीजास्त होतो तो स्लोचा. दुसरा बारीक, बऱ्याचदा पितळी, कधी कधी भोकात आत बसलेला, तो मिक्श्चरचा. इथे बरेच जण फसतात कारण हा स्क्रू दोन प्रकारचा असतो आणि दोन्ही उलटे चालतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, म्हणजे बाहेर काढला की हवा वाढते आणि पेट्रोल कमी पडतं, आरएक्स 100 ला असाच आहे. इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. आपला कुठला आहे हे नीट बघून घ्या, नाहीतर सगळं उलटंच करत बसाल.

गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून आणा, गार इंजिनवर केलेलं सेटिंग काही कामाचं नाही. मेन स्टँडवर लावा, उघड्यावर, बंद पार्किंगमध्ये अजिबात नको, आणि सायलेन्सरला हात लागणार नाही असे बसा. गाडी बंद करून मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत फिरवा आणि आटे (पूर्ण फेरे) मोजा, किती आट्यांवर होता ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा म्हणजे काही गडबड झाली तर परत तिथे येता येतं. स्क्रू टेकला की थांबायचं, आवळायचा नाही, त्याचं टोक सुईसारखं असतं आणि जोर लावला तर टोकाला खाच पडते किंवा आतली सीटच खराब होते, मग कितीही सेट करा स्लो टिकत नाही.

आता दीड आटा उघडा, गाडी चालू करा, स्लो थोडा वाढवून ठेवा. मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा फिरवा, चार-पाच सेकंद थांबा, ऐका. पुन्हा पाव. एका बाजूला जाताना आवाज चढत जाईल, मग एका जागी एकसारखा होईल, आणि अजून फिरवला की पडायला लागेल, गाडी अडखळेल. तिथून उलटं येऊन दुसऱ्या बाजूला कुठे पडतो ते बघा आणि मधोमध ठेवा. मग स्लो खाली आणा, स्प्लेंडरला 1400 आरपीएमच्या आसपास, आणि हेच अजून एकदा करा कारण स्लो बदलला की मिक्श्चरची जागाही किंचित सरकते.

आता रेस पटकन देऊन सोडा. देताना दबली किंवा सोडल्यावर आवाज वरच लटकून राहिला आणि सावकाश खाली आला तर हवा जास्त आहे. सोडल्यावर आवाज नेहमीपेक्षा खाली पडून गाडी बंद पडायला आली, वास पेट्रोलचा, प्लग काजळीने काळा, तर पेट्रोल जास्त. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं हवं.

आणखी एक, हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9, म्हणून त्याच जुन्या जेटवर मिश्रण आपोआप हवेकडे झुकतं. जुन्या गाडीत सेन्सर नाही की ती स्वतः सांभाळून घेईल, त्यामुळे मी सगळ्यात चढ्या आवाजाच्या जागेपासून पाव आट्याच्या आत पेट्रोलच्या बाजूलाच ठेवतो. महाबळेश्वरला मात्र उलटं होतं, 1300 मीटरच्या वर हवा विरळ असल्याने मुंबईत सेट केलेली गाडी तिथे जड वाटते, दोन दिवसांसाठी स्क्रूला हात लावू नका, घाट उतरलात की ठीक होईल.

स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर पायलट जेटमध्ये, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या छोट्या जेटमध्ये, बहुतेक कचरा आहे. कार्बोरेटर उतरवून क्लिनर आणि हवेच्या प्रेशरने साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं झालं तर जेट वाया. फरक पडतोय पण स्लो वरखाली होतोय, तर कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी मॅनिफोल्ड बघा, त्याला चीर गेली की तिथून हवा ओढते.

सगळं झालं की पीयूसीला घेऊन जा, तिथलं सीओचं (कार्बन मोनॉक्साइडचं) रीडिंग स्लोवरचंच असतं. 2000 नंतरच्या बीएस3 पर्यंतच्या 4-स्ट्रोकला मर्यादा 3.5 टक्के आहे, त्याच्या जवळ जात असेल तर थोडा हवेकडे फिरवून परत मोजायला सांगा, आणि शेवटी किती आट्यांवर राहिला ते साइड कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.