दोस्त राष्ट्रांचा जमाखर्च मांडताय? या चुका टाळा

मे महिना उजाडला, जर्मनीच्या शरणागतीची तारीख जवळ आली, की आमच्या ओळखीतल्या दोन काकांचं भांडण ठरलेलं: दुसरं महायुद्ध जिंकण्यात दोस्त राष्ट्रांपैकी, म्हणजे हिटलर आणि जपानविरुद्ध एका बाजूने लढलेल्या देशांपैकी, कुणाचा वाटा किती? एक काका स्वस्त, गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत पुस्तकांवर वाढलेले. त्यांच्या लेखी हिटलरला बर्लिनपर्यंत रेटत नेलं ते रशियाने, बाकीचे फोटोपुरते आले. दुसरे काका तीस वर्षं अमेरिकेत काढून पुण्याला परतलेले. त्यांचं महायुद्ध फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीच्या वाळूवर सुरू होतं आणि हिरोशिमावर संपतं. मी मधल्या खुर्चीत बसतो. गंमत अशी, की दोघांचे आकडे बहुतेक खरे असतात. गडबड होते ती आकडे कुठल्या रकान्यात टाकायचे इथे. तुमच्याही घरात, कट्ट्यावर किंवा ग्रुपवर हा वाद पेटत असेल, तर खालच्या चुका आधी तपासून घ्या.

मेलेल्यांची संख्या म्हणजे योगदान, हा घोळ

ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चिवट चूक. सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 70 लाख माणसं गेली, अमेरिकेचे सुमारे 4 लाख सैनिक. दोन आकडे शेजारी ठेवले की काका नंबर एक खुर्चीत मागे रेलून बसतात, जणू निकाल लागला.

पण त्या 2 कोटी 70 लाखांत कोण आहेत ते बघा. लाल सेनेचे, म्हणजे सोव्हिएत सैन्याचे, मृत साधारण 87 लाख. उरलेल्यांत लेनिनग्राडच्या वेढ्यात भुकेने गेलेले लोक आहेत, बेलारूसमध्ये गावासकट जाळलेले लोक आहेत, यहुदी म्हणून खड्ड्याच्या कडेला उभे करून मारलेले लोक आहेत. सैनिकांतही सुमारे 57 लाख जर्मनांच्या कैदेत सापडले आणि त्यांतले सुमारे 33 लाख कैदेतच उपासमारीने, थंडीने, गोळीने मेले. हे सगळे नाझींच्या क्रौर्याचे बळी आहेत. काही प्रमाणात 1941 च्या उन्हाळ्यात धोक्याच्या सूचना झटकून टाकणाऱ्या स्टालिनच्या हट्टाचेही. त्यांच्या मरणाला ‘योगदान’ म्हणणं मला तरी जड जातं. शिवाय या मापाने आपले जवान वाचवणाऱ्या सेनापतीला कमी गुण आणि मुलांना तोफेच्या तोंडी देणाऱ्याला जास्त, असं होऊन बसेल.

मग काय मोजायचं? जर्मन सैन्य कुठे मोडलं ते. लढाईत पडलेल्या जर्मन सैनिकांपैकी, बहुतेक इतिहासकारांच्या हिशेबाने, चारातले तीन पूर्व आघाडीवर, म्हणजे सोव्हिएत सैन्याशी लढताना पडले. 6 जून 1944 ला नॉर्मंडीत पहिल्या दिवशी दीड लाखाच्या आसपास सैन्य उतरलं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर सोळाच दिवसांनी, 22 जूनला, बेलारूसमध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन बाग्रातियोन’ या सोव्हिएत चढाईने जर्मनीचा मधला सेनासमूहच उद्ध्वस्त केला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणजे काकांचा निष्कर्ष बरोबर, पुरावा चुकीचा. गणिताच्या पेपरात अशा उत्तराला आमच्या बाई अर्धेच गुण द्यायच्या.

आणि या मापालाही मर्यादा आहे. ब्रिटनच्या बाँबर कमांडचे 55,573 वैमानिक व कर्मचारी मेले. त्यांच्या नावावर जिंकलेली एक इंचही जमीन नाही. पण जर्मन शहरांवर रात्रंदिवस विमानं येत असल्यामुळे 88 मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा आणि लढाऊ विमानं मायदेशी अडकून पडली. याच तोफा रणगाड्यांचाही कर्दनकाळ होत्या. पूर्व आघाडीवर ज्या तोफा आल्याच नाहीत, त्यांची नोंद नकाशावर कशी दिसणार?

तारीख न बघता केलेला दावा

काका नंबर दोनचं लाडकं वाक्य: “अमेरिकेचा माल नसता तर रशिया पहिल्याच वर्षी आटोपला असता.” अमेरिकेचा लेंड-लीज, म्हणजे उसनवारीवर युद्धसाहित्य पुरवण्याचा कायदा मार्च 1941 चा. सोव्हिएत संघाला तो लागू झाला त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, आणि मालाचा मोठा भाग पोचला 1943 पासून पुढे. मॉस्कोसमोर जर्मन अडले डिसेंबर 1941 मध्ये. स्टालिनग्राडला ते शरण आले 2 फेब्रुवारी 1943 ला. तोवरची लढाई मुख्यतः सोव्हिएत कारखान्यांच्या जोरावर झाली.

आता उलटी बाजू. “ती मदत म्हणजे किरकोळ डबेबंद मांस,” असं काका नंबर एक म्हणतात. त्यांना मी स्टुडबेकर दाखवतो. तीन आसांचा, सहाही चाकांना जोर मिळणारा अडीच टनी ट्रक. चिखलात रुतायचा नाही, रुतला तर निघायचा. सोव्हिएत सैनिकांनी त्याच्या पाठीवर लोखंडी रूळ बसवून कात्युशा अग्निबाणांचे गाडे केले. लेंड-लीजखाली ट्रक आणि जीप मिळून 4 लाखांच्या आसपास गाड्या गेल्या, जवळपास 2,000 रेल्वे इंजिनं गेली. सोव्हिएत कारखाने रणगाडे बनवण्यात इतके गुंतले होते, की नवी इंजिनं तिथे जवळजवळ बनतच नव्हती. वर उच्च प्रतीचं विमानाचं इंधन, टेलिफोनची तार, बूट. बाग्रातियोनमध्ये लाल सेना काही आठवड्यांत शेकडो किलोमीटर धावली, तिच्या मागून दारूगोळा आणि पाव वाहून नेणाऱ्या चाकांचा मोठा हिस्सा अमेरिकी होता.

म्हणून मदत ‘निर्णायक होती की नव्हती’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी आणि कुठल्या महिन्यात, एवढं पुढे जोडा. 1941 मध्ये तग धरायला? फारशी नाही. 1944 मध्ये बर्लिनच्या दिशेने धावायला? अगदी पुरेपूर.

दुसऱ्या आघाडीचंही, म्हणजे पश्चिमेकडून युरोपात सैन्य उतरवण्याचंही तसंच. ब्रिटन-अमेरिकेने मुद्दाम उशीर लावला हा स्टालिनचा संशय होता, आणि अगदीच बिनबुडाचा नव्हता. पण 19 ऑगस्ट 1942 ला फ्रान्समधल्या दिएप्पला साधारण 6,000 सैनिक, त्यांत बहुसंख्य कॅनेडियन, उतरवून पाहिले होते. निम्म्याहून अधिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पुरेशी उतरण-जहाजं नसताना मोठी स्वारी केली असती तर काय झालं असतं, हे त्या एका सकाळीत कळलं.

‘रशिया’ आणि ‘ब्रिटन’ ही सैल नावं

लाल सेनेत युक्रेनी, बेलारूसी, कझाक, जॉर्जियन सगळे होते. तिला नुसतं ‘रशिया’ म्हटलं की लाखो लोक एका शब्दात पुसले जातात. ‘ब्रिटन’चंही तेच. युद्धाच्या काळात भारतीय सैन्य 25 लाखांवर गेलं, सगळे स्वेच्छेने भरती झालेले (पोटासाठी भरती होण्याला स्वेच्छा म्हणावं का, हा वेगळा वाद). इंफाळ-कोहिमाला जपान्यांना मागे लोटणाऱ्या चौदाव्या आर्मीत बहुसंख्य भारतीय होते. इटलीत, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 ला पाचव्या मराठा रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली. ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले, ठाणं घेतलं आणि नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळीला बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. ही लढाई पुस्तकात ‘ब्रिटिश आठवी आर्मी’ या नावाखाली येते.

आणि चीन? त्याची आठवण दोन्ही काकांना नसते. चीन जुलै 1937 पासून लढत होता, पोलंडच्या दोन वर्षं आधी. युद्ध संपलं तेव्हाही जपानचे 10 लाखांहून जास्त सैनिक चीनमध्ये गुंतलेले होते. ते मोकळे असते तर पॅसिफिकमधल्या बेटांवर किंवा ब्रह्मदेशात उभे राहिले असते. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव आपल्याला माहीत असतं, पण ते ज्या युद्धात राबून 1942 मध्ये तिथेच गेले, ते याच महायुद्धाचं एक अंग होतं, हे डोक्यात जोडलेलं नसतं.

आपला तो बाब्या

इथे खरी मारामारी होते. एक म्हणतो कातिन, दुसरा म्हणतो बंगाल. कातिन म्हणजे 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घालून मारलेले सुमारे 22,000 पोलिश अधिकारी आणि नागरिक. मॉस्कोने 1990 पर्यंत त्याचा दोष जर्मनांवर ढकलला. बंगाल म्हणजे 1943 चा दुष्काळ, सुमारे 30 लाख मृत्यू. जपानी येतील या भीतीने सरकारने 1942 मध्ये किनारी भागातल्या दहाहून जास्त माणसं नेऊ शकणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या होत्या. मासेमारी आणि तांदळाची ने-आण दोन्ही मोडली. पुढे धान्यासाठी जहाजं मागितली तेव्हा लंडनने पुरेशी दिली नाहीत.

वादात या गोष्टी पत्त्यांसारख्या टाकल्या जातात. तुझा कातिन, माझा बंगाल, फिट्टंफाट. किंवा त्याहून वाईट: “हो, झालं असेल, पण त्यांनी हिटलरला हरवलं ना?” म्हणजे जमेच्या बाजूने खर्च मिटवायचा. कातिन स्टालिनग्राडने पुसला जात नाही आणि बंगाल एल अलामेनने, म्हणजे इजिप्तमधल्या ब्रिटिश विजयाने, पुसला जात नाही. उलटंही खरं: ब्रिटिश-अमेरिकी विमानांनी ड्रेस्डेन या जर्मन शहरावर फेब्रुवारी 1945 मध्ये आग ओतली म्हणून नॉर्मंडी खोटी ठरत नाही, आणि लाल सेनेच्या सैनिकांनी जर्मनीत स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांमुळे आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीचं दार त्याच सेनेने उघडलं हे खोटं होत नाही. वह्या दोन ठेवा.

दुसरं, एकाला विचारलेला प्रश्न दुसऱ्यालाही विचारा. ऑगस्ट 1939 च्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराबद्दल, म्हणजे हिटलर-स्टालिन यांच्या अनाक्रमण कराराबद्दल बोलायचं असेल तर सप्टेंबर 1938 चं म्युनिक दारात उभं असतंच. याचा अर्थ दोन्ही सारखे असा नाही. म्युनिकच्या करारात ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला दुसऱ्याचा देश, चेकोस्लोव्हाकिया, तोडू दिला. 1939 मध्ये सोव्हिएत संघाने पोलंडचा अर्धा भाग स्वतः गिळला. तुलना करून फरक सांगता यायला हवा. सगळ्यांना एकाच काळ्या रंगात बुडवणं हाही आळसच.

एका जागी मात्र मी स्वतः अडखळतो, ती म्हणजे वॉर्सा. 1 ऑगस्ट 1944 ला तिथे पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, तो 63 दिवस चालला, आणि लाल सेना विस्तुला नदीच्या पलीकडे येऊन थांबली. बाग्रातियोननंतर ती दमलेली होती, जर्मनांनी उलटा तडाखाही दिला होता, हे खरं. पण मदत टाकायला येणाऱ्या पाश्चात्त्य विमानांना सोव्हिएत धावपट्ट्यांवर उतरू द्यायला स्टालिनने सप्टेंबरपर्यंत नकार दिला, हेही खरं. दमलेल्या सैन्याला धावपट्टी वापरू देण्यात काय त्रास होता?

आपलं मत आलं कुठून, हे न विचारणं

फ्रान्समध्ये मे 1945 मध्ये लोकांना विचारलं, जर्मनीच्या पराभवात सर्वाधिक वाटा कुणाचा? 57 टक्के म्हणाले सोव्हिएत संघाचा, 20 टक्के अमेरिकेचा. 2004 मध्ये तोच प्रश्न विचारला: 58 टक्के अमेरिका, 20 टक्के सोव्हिएत. मधल्या काळात युद्धातली एकही लढाई बदलली नव्हती. हे आकडे मी दोन्ही काकांना वाचून दाखवले. दोघांनीही ते आपल्याच बाजूचे म्हणून ऐकले.

मागच्या खेपेला त्यांना मी एक कोडं घातलं. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज. कॅनडात बांधलेलं, लेंड-लीजच्या व्यवहारातून ब्रिटनकडे आलेलं. फेब्रुवारी 1944 मध्ये ते इंग्लंडहून निघालं, पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. कराचीला त्यात कापसाच्या गाठी चढल्या. 14 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाने पेट घेतला आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडालं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले 66 अग्निशामक होते. 14 एप्रिलला आपण अग्निशमन दिन पाळतो तो त्यामुळेच. तर हे जहाज कुणाच्या खात्यात टाकायचं?

“आपल्या,” काका नंबर एक ताबडतोब म्हणाले. “मेलं कोण?”

“पैसे कुणी मोजले होते ते बघा आधी,” काका नंबर दोन.

मग कुणीतरी सांगितलं, की त्यातली एक सोन्याची वीट उडून मैलभर लांबच्या एका घरात जाऊन पडली होती. ती वीट शेवटी कुणाची झाली, यावर दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत भांडत होते.