केबलच्या विणीचं पांघरूण: टाके घालण्याआधीची तयारी

सगळी लोकर एकदम आणू नका. आधी दोन गुंडे आणा, नमुन्याचा तुकडा विणा आणि त्यातून निघालेल्या आकड्यांवर बाकीची खरेदी करा. केबलमध्ये, म्हणजे वेणीसारख्या पिळात, टाके एकमेकांवरून ओलांडतात. त्यामुळे कापड आडवं आक्रसतं आणि त्याच मापाला लोकर जास्त लागते. साध्या सुलट-उलट विणीचा हिशोब इथे लावला की पांघरूण अरुंद होतं, किंवा शेवटच्या वीतभर कामाला लोकर संपते. तोवर त्या रंगाचा तोच लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली लोकर, मिळेनासा झालेला असतो.

आकार आधी कागदावर लिहा. सोफ्यावर एका माणसाला अंगावर घ्यायला १२७ बाय १५२ सेंमी, म्हणजे ५० बाय ६० इंच, पुरतं. उंच माणसासाठी लांबी १८० सेंमीपर्यंत न्या, रुंदी तीच ठेवा. पुढचे सगळे आकडे १२७ बाय १५२ धरून आहेत.

लोकर मध्यम जाडीची, १०० ग्रॅमला साधारण १८० मीटर भरणारी घ्या. धागा तीन किंवा जास्त पदरी आणि गोल पिळाचा हवा. सैल, एकपदरी धाग्यात वेणीच्या कडा पसरट दिसतात. फार केसाळ लोकरीत नमुना बुजतो, गडद रंगात सावली दिसत नाही आणि एका धाग्यात चार रंग असतील तर डोळा रंगांकडेच जातो. खात्री करायची तर विणलेला तुकडा खिडकीजवळ आडव्या उजेडात धरा. वेणी जिथे ओलांडते तिथे सावलीची रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. शुद्ध लोकर लवचिक असते, हातावर ताण कमी देते आणि धुऊन ताणली की त्या आकारात राहते. मशीनमध्ये धुता येणारी लोकर ओली झाल्यावर लांबते, म्हणून तिचा तुकडा न धुता मोजूच नये. ॲक्रिलिक धुवायला सोपं, पण त्यावर वाफेची इस्त्री टेकवली की वेणी कायमची चपटी होते. सुती धागा या कामाला घेऊ नये असंच आमचं मत आहे. तो ताणत नाही, बोटं दुखतात आणि पांघरूण स्वतःच्या वजनाने लोंबतं.

सुई क्रमांकावर घेऊ नका, मिलिमीटरवर घ्या. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकन मोजणीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी, त्यामुळे नुसता नंबर फसवतो. वरच्या लोकरीला ५ मिमीपासून सुरुवात करा. सुई १०० किंवा १२० सेंमी वायरची गोलाकार हवी, विणायचं मात्र सरळ सुयांसारखं मागे-पुढेच. किलोभर वजन मग सुईच्या टोकांवर न लटकता मांडीवर राहतं. सुई आणि वायरच्या सांध्यावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर प्रत्येक ओळीत टाकेही तिथेच अडतील.

आता तुकडा. ४६ टाके घाला. कडेला ३ सुलट, मग ४ उलट आणि ८ सुलट असं तीनदा, शेवटी ४ उलट आणि पुन्हा ३ सुलट. मागच्या बाजूला कडेचे ३-३ सुलट, बाकी दिसतील तसे, म्हणजे सुलटावर सुलट आणि उलटावर उलट, विणा. दर ८ ओळींतल्या पाचव्या ओळीत वेणी वळवा: ४ टाके केबलच्या सुईवर (टाके तात्पुरते धरायची छोटी सुई) घेऊन पुढे धरा, पुढचे ४ सुलट विणा, मग केबलच्या सुईवरचे ४ सुलट. पुढे धरले की पीळ डावीकडे झुकतो, मागे धरले की उजवीकडे. अशी ६ आवर्तनं करा. मग पांघरूण जसं धुणार तसाच तुकडा धुवा, सपाट वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच, कडेचे ३-३ टाके सोडून, मधला भाग मोजा.

समजा १० सेंमीत २२ टाके आणि २६ ओळी आल्या. साध्या विणीत हाच धागा १८ टाके देत असेल आणि त्या हिशोबाने तुम्ही २२९ टाके घातले, तर पांघरूण १२७ ऐवजी १०४ सेंमी होईल. खऱ्या मापाने २७६ टाके लागतात: दोन्ही कडांना १०-१०, मध्ये १२ टाक्यांची २१ आवर्तनं आणि तोल साधायला ४ उलट. लोकरीसाठी तोच तुकडा वजनकाट्यावर ठेवा. २० बाय २० सेंमीचा तुकडा २४ ग्रॅम भरला तर पूर्ण पांघरुणाला सुमारे ११६० ग्रॅम. त्यात दहा-बारा टक्के वाढवून १०० ग्रॅमचे १३ गुंडे घ्या, सगळे एकाच लॉटचे. तुकड्याचे दोन गुंडे या मोजणीत धरू नका. लॉट मिसळावेच लागले तर दोन-दोन ओळी आळीपाळीने विणा, म्हणजे रंगाचा पट्टा उठून दिसणार नाही.

किनारीचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो इथेच करा. खालची किनार सगळ्या ओळी सुलट अशी विणणार असाल तर तिला २७६ टाके जास्त होतात आणि ती झालरीसारखी फुगते. म्हणून २३४ टाक्यांनी सुरू करा, १२ ओळी विणा आणि शेवटच्या ओळीत प्रत्येक वेणीच्या जागी ६ टाक्यांचे ८ करा. वरच्या टोकाला तेवढेच कमी करायचे. बाजूच्या कडा वर ओढल्या जातात का, तेही तुकड्यात दिसतं. जात असतील तर दर एक-दोन आवर्तनांनी फक्त कडेच्या १० टाक्यांवर दोन ओळी जास्त विणा.

मधल्या भागात ८ ओळींची ४७ आवर्तनं बसतात, म्हणजे ९८७ वेळा वेणी वळवायची. केबलची सुई तुमच्या हाताला बसते का, हे म्हणूनच तुकड्यातच ठरवा. ती मुख्य सुईपेक्षा थोडी बारीक असावी, जाड असली तर टाके सैल होतात. घसरत असेल तर लाकडी किंवा मधे बाक असलेली घ्या.

बाकी किरकोळ: ओळी मोजायचं काउंटर, टोक बोथट असलेली मोठ्या नेढ्याची सुई, एक क्रोशाची सुई आणि खुणेच्या कड्या. कडी १२ टाक्यांच्या प्रत्येक आवर्तनानंतर घाला, बाजूच्या कडांच्या दोन वेगळ्या रंगाच्या. विरुद्ध रंगाचा बारीक, गुळगुळीत दोरा मात्र विसरू नका. ८ ओळींच्या दर दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटी तो सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवला की उसवावं लागलं तरी तिथे येऊन थांबता येतं. दोरा कड्यांमधून जाऊ देऊ नका, नाहीतर कडी तिथेच अडकते.

एखादी वेणी चुकीच्या बाजूला वळली आणि आठ-दहा ओळींनी लक्षात आलं तर सगळं उसवू नका. तेवढेच ८ टाके खालपर्यंत सोडा, पीळ नीट करा आणि सुटलेल्या आडव्या धाग्यांवरून क्रोशाच्या सुईने टाके परत वर आणा. ओळींचा हिशोब हरवला तर शेवटच्या पिळाखाली बोट घालून वेणी किंचित फाकवा. तिथून वर दिसणारा प्रत्येक आडवा धागा म्हणजे एक ओळ. वेणीचा डावीकडचा टाका सैल दिसत असेल तर त्यानंतरचा पहिला उलट टाका घट्ट ओढा, कारण सुलटकडून उलटकडे जाताना धाग्याला लांबचा फेरा पडतो. गुंडा संपत आला आणि धागा रुंदीच्या पाचपटीपेक्षा कमी उरला, तर नवा गुंडा कडेलाच जोडा आणि शेपूट १५ सेंमी ठेवा.

टाके घालताना शेपटीच्या पद्धतीने चार मीटर धागा सोडावा लागतो आणि तोही शेवटी कमी पडू शकतो. त्यापेक्षा दोन गुंड्यांची टोकं गाठीने जोडून एकाचा शेपटीसारखा वापर करा. काम झालं की तो कापा, गाठ सोडवा. ती गाठ टाक्यांत मोजू नका. दर ३० टाक्यांना एक कडी अडकवा, म्हणजे ७ कड्यांनंतर २४ टाके उरले की २३४ बरोबर. हात घट्ट असेल तर टाके साडेपाच मिमीच्या सुईवर घाला आणि पहिल्या ओळीत ५ मिमीवर या.