घोडा ऐकत नाही? रायडिंग शिकताना या चुका टाळा

‘हा घोडा हट्टी आहे, दुसरा द्या.’ रायडिंग शिकायला आलेला माणूस साधारण तिसऱ्या-चौथ्या तासाला हे वाक्य बोलतो. तोच घोडा नंतर एखाद्या मुरलेल्या स्वाराला घेऊन निमूट चालतो. पण स्वतः घोड्याला काय सांगत होतो, याची चौकशी फार थोडे जण करतात.

टाच आणि लगाम एकदम

सगळ्यात जास्त घोडे या एका चुकीने बिघडतात. नवखा स्वार घाबरलेला असतो, म्हणून लगाम गच्च धरतो. घोडा हलत नाही, म्हणून टाच मारतो. घोडा निघाला की स्वाराचा तोल मागे जातो आणि सावरायला हाताशी असतो तो लगामच. पोटरी म्हणते चल, बिट (लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग) म्हणतो थांब. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत बिनदातांची जागा असते आणि बिट तिथे येतो. तिथे हाडावर जेमतेम पातळ कातडी असते, त्यामुळे तो झटका चांगलाच लागतो.

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या एका मारवाडी घोडीचं उदाहरण घ्या. दत्तजयंतीच्या सुमाराला तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात नाचणाऱ्या घोड्यांना मोठा मान असतो, कारण वरातीला तेच लागतात. नाच शिकवतात तो असाच: पुढून लगाम आवळायचा, मागून टाच किंवा छडी द्यायची, म्हणजे पुढे जायची ताकद जागच्या जागी पाय उचलण्यात खर्च होते. ही घोडी शिकाऊंच्या हाती आली. त्यांनी नेमकं तेच केलं, आवळलेला लगाम आणि टाच. घोडी नाचायला लागली. त्यांनी भिऊन आणखी आवळलं, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. ‘द्वाड’ असा शिक्का बसला आणि कुणीतरी काटेरी लगाम घालायचा सल्लाही दिला. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार काटेरी बिट वापरायला बंदी आहे. बंदी नसती तरी तो सल्ला मूर्खपणाचाच होता, कारण तोंड दुखलं की घोडी आणखी वर उठणार. खरं तर ती शिकवलेलं काम चोख करत होती.

तिला ताळ्यावर आणलं ते गुळगुळीत साध्या बिटने, सैल लगामाने आणि नुसत्या चालीने. बंद आवारात रोज वीस मिनिटं, दुडकीचं नाव नाही. याला काही आठवडे लागले आणि तोवर शिकाऊंपैकी निम्मे कंटाळून गेले. समुद्रकिनाऱ्यावर भरधाव जातानाचा व्हिडिओ ज्याला पहिल्याच महिन्यात हवा असतो, त्याला हे काम जमत नाही.

सवय अशी लावा: पोटरी लावताना बोटं सैल, बोटं मिटताना पोटऱ्या गप्प, आणि दोन्हींमध्ये एका श्वासाचं अंतर. पुढे हाफ-हॉल्ट (चालत्या घोड्याला न थांबवता क्षणभर सावरायचा इशारा) शिकाल तेव्हा दोन्ही जवळजवळ एकत्र येतात हे खरं, पण मांड पक्की होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. हात स्थिर राहत नसतील तर घोड्याच्या मानेत एक चामडी पट्टा बांधा. तोल गेला की पट्टा धरायचा, लगाम नाही. पट्ट्याची लाज वाटणारे स्वार घोड्याचं तोंड फाडतात.

दाब सोडायला उशीर

दाब दिल्याने घोडा शिकत नाही. दाब निघतो तेव्हा शिकतो. पोटरी लागली, त्याने पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी पोटरी सैल पडली, तर ‘पाऊल टाकलं की त्रास थांबतो’ हे त्याला कळतं. तीन पावलं चालल्यावर सोडली तर पाऊल आणि सुटका यांचा संबंधच लागत नाही. दर पावलाला टाच मारत राहिलात तर तो टाच ऐकणं बंद करतो. अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरवणारं जनावर आहे हे. त्याला बधिर आपणच करतो.

पायरी अशी. नजर समोर, पोटऱ्या हलक्या मिटा. दोन अंक मोजेपर्यंत हालचाल नाही, तर जरा जोरात. तरी नाही, तर पायाच्या लगेच मागे छडीची एकच टिचकी. निघाला की सगळं बंद, चाल बावळट असली तरी. मग थांबवून पुन्हा पहिल्या हलक्या स्पर्शापासून. चार-पाच वेळा असं केलं की छडीची गरज बहुधा उरत नाही. थांबवताना पाठ ताठ, कंबरेचा झोका बंद, बोटं ओला फडका पिळल्यासारखी मिटायची. कोपर मागे ओढायचं नाही. खूर थांबले की बोटं उघडा. हे उघडणंच लोक विसरतात, आणि घोडा थांबल्यावरही डोकं झटकत राहिला की त्याच्यावरच ओरडतात.

खाली बघणं

बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याला गणितं येतात असा बोलबाला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की खूर आपटण्याची योग्य संख्या आली की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर जातं, आणि हान्स तेवढं पाहून थांबतो. पाठीवरच्या स्वाराचं डोकं हललेलंही घोड्याला असंच कळतं. तुम्ही घोड्याच्या आयाळीत नजर रोवता तेव्हा तुमचं डोकं आणि खांदे पुढे झुकतात, घोड्याच्या पुढच्या पायांवर भार येतो आणि तो मंदावतो किंवा अडखळतो. वळायचं तिकडे आधी बघा. मग बाहेरची पोटरी तंगाच्या (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) जरा मागे, आतला लगाम जरा बाजूला उघडायचा. नुसता लगाम गुडघ्याकडे ओढलात तर मान वळते आणि खांदा सरळ निघून जातो.

बाकीच्या, थोडक्यात

तंग चढण्याआधी एकदा आणि दहा मिनिटं चालवून पुन्हा एकदा तपासा, काही घोडे आवळताना पोट फुगवतात. रिकिबीची लांबी जमिनीवरूनच मापा: बोटांची टोकं पट्ट्याच्या बकलाला, रिकीब काखेत. ‘हो, हो, चल, अरे थांब’ असं अखंड बोलू नका, थांबायला एक शब्द ठरवा आणि मोतद्दारालाही तोच वापरायला सांगा. मागून जवळ जाऊ नका, खांद्याच्या बाजूने, आवाज देत जा. लंजिंग (लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवणं) करत असाल तर दर पाच मिनिटांनी दिशा बदला, सततच्या गोल फिरण्याने सांध्यांवर ताण येतो.

आणि कालपर्यंत ऐकणारा घोडा आज अचानक अडला, डोकं वर टाकू लागला किंवा खोगीर पाहून कान मागे पाडू लागला, तर छडी बाजूला ठेवा. पाठीवरून दोन्ही हात दाबत फिरवा, तंगाखाली घासलं आहे का पाहा, खूर उचलून खडा अडकलाय का बघा. दाढांच्या कडा धारदार होऊन गालात रुततात, म्हणून वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दात तपासून घासून घ्या. यात काहीच सापडलं नाही, तरच शिकवणीकडे वळा.