मोझरेला विकत घेताना या चुका टाळा

घरी केलेल्या पिझ्झ्यावरचं चीज ताणलं जात नाही, वर तेल सुटतं किंवा गार होताच चिवट होतं, की आपण लगेच ओव्हनला नावं ठेवतो. चूक बहुतेक वेळा दुकानातच झालेली असते. नाशिकमध्ये आता कॉलेज रोडच्या सुपरमार्केटपासून सिडकोतल्या छोट्या डेअरीपर्यंत सगळीकडे मोझरेला मिळतं. पण एकाच फ्रीजमध्ये शेजारी-शेजारी ठेवलेल्या तीन पाकिटांत तीन वेगवेगळे पदार्थ असू शकतात, आणि तिन्हींवर पिझ्झ्याचा तोच झकास फोटो असतो.

पाकीट उलटून न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खऱ्या मोझरेलाच्या घटकांची यादी जेमतेम एका ओळीची असते: दूध, मीठ, कल्चर (विरजणाचे जिवाणू) आणि मायक्रोबियल रेनेट. रेनेट दूध जमवतं. मायक्रोबियल म्हणजे ते प्राण्यांपासून घेतलेलं नाही. शाकाहारी मंडळींनी हा शब्द आणि हिरवा ठिपका एवढं पाहिलं की पुरे.

यादीत ‘एडिबल व्हेजिटेबल ऑइल’ किंवा ‘पामोलिन’ दिसलं, जोडीला स्टार्च असला, की समजा हे अ‍ॅनालॉग, म्हणजे चीजची नक्कल आहे. पनीरमुळे हा शब्द आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेला आहे. चीजमध्येही तोच प्रकार चालतो. असं चीज विकणं बेकायदा नाही, मात्र ते अ‍ॅनालॉग असल्याचं पाकिटावर लिहावं लागतं. लिहिलेलंही असतं, पण बारीक अक्षरांत. मुलांच्या पोटात प्रोटीन जाईल म्हणून आपण चीज घेतो आणि घरी पामतेल नि स्टार्च आणतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यादी वाचायला वेळ नसेल तर पोषणाच्या तक्त्यात प्रोटीनचा आकडा बघा. चांगल्या मोझरेलात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रोटीन असतं. तो आकडा निम्म्यावर आला असेल आणि कार्बोहायड्रेट वाढलेलं असेल, तर पाकीट जागेवर ठेवा. भावाचा हिशोबही सोपा आहे. एक किलो मोझरेलाला गायीचं साधारण दहा लिटर दूध लागतं. कंपनीला दूध आपल्यापेक्षा स्वस्त पडतं हे मान्य, पण दहा लिटर दुधाच्या निम्म्या भावात किलोभर चीज मिळत असेल, तर ते निव्वळ दुधाचं असणं अवघड आहे. साध्या पिशवीत बांधलेलं सुटं किसलेलं चीज तर घेऊच नका. त्यावर ना घटक असतात, ना तारीख.

रंगावर जाऊ नका. म्हशीच्या दुधाचं चीज पांढरंशुभ्र असतं, गायीच्या दुधाचं किंचित पिवळसर. दोन्ही चांगली.

प्रोसेस्ड चीजकडून तार येण्याची अपेक्षा

मोझरेला करताना जमलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात मळून ताणतात. त्यामुळे प्रथिनांचे लांब धागे तयार होतात आणि वितळल्यावर तार येते. क्यूब किंवा स्लाइसच्या प्रोसेस्ड चीजमध्ये इमल्सिफायरचे क्षार घातलेले असतात. यादीत आयएनएस ३३१, ३३९ असे आकडे दिसतील. हे क्षार प्रथिनांना बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतात. चीज छान मऊ वितळतं, पण ताणलं जात नाही. ते सँडविचला ठेवा.

पाण्यात बुडवलेले ताज्या मोझरेलाचे गोळे हा आणखी वेगळा प्रकार. टोमॅटोबरोबर कापून खायला सुरेख लागतात, पण तव्यावरच्या पिझ्झ्यावर पाणी सोडतात. वापरायचेच असतील तर फाडून अर्धा तास चाळणीत निथळू द्या. रोजच्या पिझ्झ्याला कमी ओलाव्याचं, ब्लॉकमधलं मोझरेलाच बरं.

तयार किसलेलं घेणं

किसलेले तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावतात. त्यामुळे ते नीट एकजीव होत नाहीत आणि वितळायच्या आधीच कोरडे पडून करपतात. २०० ग्रॅमचा ब्लॉक आणा, वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि घरच्या किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा. हाताला चिकटत नाही.

थंडाव्याकडे दुर्लक्ष

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. काही दुकानदार वीज वाचवायला रात्री फ्रीज बंद करतात, त्यात लाइट जाते ती वेगळी. पाकीट हातात घेऊन दाबून पाहा. आत बर्फाचे खडे दिसले, ब्लॉकचे कोपरे बसलेले असले, तळाशी पाणी साचलं असेल किंवा पाकीट फुगलं असेल, तर ते घेऊ नका. विचारायला लाजू नका: “दादा, हे चिलरमधलं की डीप फ्रीजरमधलं?” पाकिटावर ४ अंश लिहिलं असेल आणि माल दगडासारखा गोठलेला असेल, तर तो घरी चुरा होणार. बर्फाचे कण प्रथिनांची जाळी फाडतात.

खरेदीत चीज सगळ्यात शेवटी घ्या. रविवार कारंज्याला आधी चीज घेऊन, मग मेन रोड फिरून भर उन्हात पाथर्डी फाट्याला जायचं असेल, तर घरी पोचेपर्यंत ते घामेजलेलं असतं.

चीज चांगलं असूनही तेल सुटलं, तर आच जास्त झाली किंवा वेळ लांबला. तव्यावर करताना आच मंद ठेवा, झाकणाखाली कडेने चमचाभर पाणी सोडा आणि चीज वितळताच उतरवा. उरलेला ब्लॉक बटर पेपरात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. किसलेल्या चीजवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळं टाकून द्या, तेवढाच भाग काढून चालणार नाही.